उकिरड्याची दैना

‘उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरात कोणी हताश होऊन बसले की आमच्या सासूबाई ती हटकून सांगत. त्या म्हणीतला उकिरडा मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याची दैना फिटलेलीही पाहिली आहे. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागाचा काही इतिहास लिहून द्या’ असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माहीमचा किल्ला, देऊळ, दर्गा किंवा चर्च यांपैकी कशाविषयी तरी मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. या सर्वांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मी मात्र शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, मिठी नदीच्या काठी असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची हकीकत सांगणार आहे. आपण साऱ्याजणी वर्षातून एकदोनदा तेथे जातो, सावलीत बसतो, पाखरे पाहतो. परंतु आपण बसतो त्या जमिनीखाली काय आहे, याचा विचार फारच थोड्याजणी करीत असतील.

मुंबई सात बेटांची होती, हे शाळेतल्या मुलींनाही ठाऊक असते. त्यांतले माहीम हे उत्तरेकडचे बेट. त्याच्यापुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली; परंतु साष्टी पोर्तुगीजांनी हातची सोडली नाही. त्यामुळे ही खाडी दोन सत्तांमधली सीमा होऊन बसली. धारावीत घरांच्या गर्दीत जो काळा किल्ला आजही उभा आहे, त्याच्यावरील शिलालेख १७३७ सालचा आहे. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीत पाय रोवले, तेही हेच साल. खाडीपलीकडे पोर्तुगीजांच्या जागी मराठे आलेले पाहून इंग्रजांची झोप उडाली असल्यास नवल नाही.

या खाडीला येऊन मिळणारी मिठी नदी विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन सुमारे १८ किलोमीटर वाहत येते. भरतीला समुद्राचे पाणी नदीत आत शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. गोडे आणि खारे पाणी जेथे असे एकमेकांत मिसळते, तेथे तिवर, कांदळ, चिप्पी ही खाऱ्या चिखलात जगणारी झाडे वाढतात. त्यांच्या मुळांत निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी यांची पिले आसरा घेतात. धारावी हे मुळात या खाडीवर पोट भरणारे कोळ्यांचे गाव. आज धारावी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झोपड्या आणि कारखाने येतात. परंतु तिथला कोळीवाडा त्या सर्वांहून जुना आहे.

माहीमहून वांद्र्याला जावयाचे तर पूर्वी तरीने खाडी ओलांडावी लागे. आज ज्या रस्त्याने आपण बसमधून पाच मिनिटांत पलीकडे जातो, तो माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. त्याचा खर्च कंपनी सरकारने उचलला नाही. तो दिला एका स्त्रीने. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी आपल्या पैशातून दीड लाखाहून अधिक रुपये त्यासाठी मोजून दिले, आणि या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घेऊ नये अशी अट घातली. महिला मंडळाच्या स्मरणिकेत ही गोष्ट सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखी आहे. मात्र इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. या रस्त्याने माणसांची सोय झाली, पण खाडीचे तोंड आवळले गेले. पुढे पूल झाले, भराव पडले, विमानतळासाठी नदीला वळसा घ्यावा लागला, खाजणे बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. प्रत्येक काम त्या त्या वेळी गरजेचेच वाटले असेल. नदीला मात्र कोणी विचारले नाही.

आता उकिरड्याकडे वळते. मी १९७१ साली लग्न होऊन माहीमला आले. सून समुद्राजवळ पडली याचे माहेरी केवढे कौतुक! दिवसा वारा समुद्राकडून येई, तोवर सारे ठीक असे. परंतु थंडीच्या दिवसांत पहाटे वारा फिरून पूर्वेकडून सुटला, की उशीत तोंड खुपसावे अशी दुर्गंधी घरात शिरे. सासूबाई म्हणत, “उठला गं धारावीचा उकिरडा!” शहराचा कचरा खाडीकाठच्या त्या खाजणात वर्षानुवर्षे ओतला जात होता. जोडरस्त्याने कधी जाण्याचा प्रसंग आला तर नाकाला पदर लावूनच जावे लागे. वर घारी आणि कावळे घिरट्या घालीत, कोठेतरी धूर निघत असे, आणि त्या धुरात वाकून काचा-पत्रा वेचणाऱ्या बाया दिसत. आम्ही नाके मुरडीत होतो. परंतु रोज सकाळी भाजीची देठे, नारळाच्या शेंड्या आणि फुटकी कपबशी कचऱ्याच्या डब्यात टाकताना ते सारे पुढे कोठे जाते, हे आमच्यापैकी एकीनेही कधी विचारले नाही.

१९७७ च्या सुमारास तेथे कचरा टाकणे थांबले. मागे राहिला तो कचऱ्याचा माळ. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव, तेव्हा या माळावरही इमारती उभ्या राहिल्या असत्या तर कोणास आश्चर्य वाटले नसते. पण वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेतील निसर्गप्रेमी मंडळींनी येथे झाडे लावून शहरातल्या मुलांसाठी निसर्गाची शाळा करावी अशी कल्पना मांडली, आणि जमिनीचा कारभार पाहणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलून धरली. १९८३ मध्ये येथे झाडे लावण्यास आरंभ झाला. पहिले रोप लावले पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी.

येथे थोडे विषयांतर करते, कारण आपल्याकडील निसर्ग-अभ्यासाचा इतिहास त्याशिवाय समजावयाचा नाही. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन आपले मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, हे वनस्पतींचे जाणकार. डॉ. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी झालेले लग्न मान्य नाही असे कोर्टात ठामपणे सांगणाऱ्या आणि पुढे डॉक्टर होऊन आयुष्यभर स्त्रियांची सेवा करणाऱ्या रखमाबाई याच घरात वाढल्या. परंतु संस्थेचे बाकीचे संस्थापक साहेबलोक, आणि पाखरे-फुलपाखरे पाहण्याचा छंद पुढे कित्येक वर्षे सवड असलेल्या पुरुषांचाच राहिला.

सलीम अली १८९६ साली मुंबईत जन्मले. लहानपणी एअरगनने टिपलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते या संस्थेत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, किहीम येथे १९३० मध्ये त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. सुंदर घरटे विणतो म्हणून आपण या पाखराला सुगरण असे बायकी नाव दिले आहे, पण विणकाम करतो तो नर! तो घरटे अर्ध्यावर आणतो, मादी येऊन ते पारखते, आणि तिला पसंत पडले तरच पुढचे काम होते. उद्यानातल्या एका सहलीत ही माहिती ऐकली तेव्हा आपल्या भगिनींना जो आनंद झाला, तो पाहून माहिती सांगणारा तरुण अगदी लाजून गेला होता.

तर असे हे सलीम अली १९८३ साली ८६ वर्षांचे होते. कचऱ्याच्या माळावर रोप लावताना त्याची सावली आपल्याला मिळणार नाही, हे त्यांना कळत नसेल काय? १९८७ मध्ये ते वारले. उद्यान लोकांसाठी खुले झाले १९९४ मध्ये. पहिल्या रोपापासून मोजले तर अकरा वर्षे झाली. म्हणीतल्या मुदतीपेक्षा एक वर्ष आधीच उकिरड्याची दैना फिटली.

मात्र ती आपोआप फिटली असे कोणी समजू नये. कचरा आतून कुजत असतो. त्यातून उष्णता आणि वायू निघतात, मुळांना धड आधार मिळत नाही, पावसाळ्यात जमीन खचते. त्यावर मातीचा थर पसरून, जगतील अशी आपल्याकडची चिवट झाडे निवडून, मेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा रोप लावून हे सुमारे ३७ एकरांचे रान उभे राहिले. पावसाचे पाणी साठविण्यासाठी तळे केले. १९९१ मध्ये या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला. आज तेथे शेकडो जातींची झाडे आहेत आणि शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. त्यांना कोणी आणून सोडले नाही. पाणी, फळे आणि निवांतपणा मिळाला, तशी ती आपण होऊन आली.

आपल्या मंडळाची पहिली सहल उद्यान सुरू झाल्यानंतर थोड्याच काळात निघाली होती. ‘धारावीत बाग?’ म्हणून निम्म्याजणींनी नावे दिली नाहीत. सासूबाई मात्र हट्टाने आल्या. नुकताच पाऊस होऊन गेला होता. पायवाटेच्या कडेला थोडी माती वाहून गेली होती, आणि तेथे काहीतरी पांढरे चमकत होते. सासूबाईंनी छत्रीच्या टोकाने ते उकरले. कपाचा फुटका कान निघाला, आणि त्याच्याजवळ हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, हे आपल्याच घरचं असेल बघ.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तो कान पुन्हा मातीत लोटला आणि वरून पायाने माती सारखी केली. आज तीस वर्षे होऊन गेली, पण या उद्यानाविषयी इतके खरे वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

त्यानंतर किती कार्यक्रम झाले! पावसाळ्यात फुलपाखरे पाहण्याची फेरी असे; २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य-फुलपाखरू म्हणून निवडलेले निळे-काळे राणी पाखरू आपल्या कोषाध्यक्षाबाईंच्या पदरावरच येऊन बसले होते. ५ जूनला पर्यावरण दिन, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, थंडीत सकाळी पक्षिनिरीक्षण. गणपतीपूर्वी शाडूच्या मूर्ती आणि होळीपूर्वी पळस-हळदीचे रंग करावयास आपण शिकलो. औषधी वनस्पतींच्या फेरीत तर शिकविणाऱ्यांना आपल्याच वयस्क भगिनी शिकवू लागल्या. अडुळसा कसा उकळावा आणि निर्गुडीचा शेक कसा द्यावा, हे त्यांना पुस्तकात पाहावे लागत नव्हते. धारावीतल्या शाळांची मुलेही तेथे येतात. एकदा फेरीत एक मुलगी तिवराची जमिनीतून वर आलेली श्वासमुळे पाहून म्हणाली, “बाई, हे झाड नाक वर करून उभं आहे.” आमच्यापैकी कोणालाही इतके नेमके सांगता आले नसते.

हे कार्यक्रम म्हणजे केवळ करमणूक असे मलाही पूर्वी वाटे. २६ जुलै २००५ नंतर ते वाटेनासे झाले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीने पात्र सोडले, आणि ती नाला नसून नदी आहे हे शहराला समजले. समजण्यासाठी फार मोठी किंमत द्यावी लागली. शेकडो माणसे गेली. मंडळाच्या खोलीत त्या रात्री अडकलेल्या माणसांसाठी आपण पिठले-भात शिजवीत होतो, हे जुन्या भगिनींना आठवत असेल. खाजणे बुजली, तिवरे तुटली, नदीचे पात्र आवळले, म्हणून पाण्याला पसरावयास जागा उरली नाही, असे तज्ज्ञांनी पुढे सांगितले. उद्यानाच्या फेऱ्यांत तिवराजवळ उभे राहून आपण हेच ऐकले होते. ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवने तोडण्यास मनाई केली, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. ज्या चिखलाला आपण टाकाऊ म्हणत होतो, त्याचा असा सन्मान झाला.

उद्यानावरचे संकट मात्र टळले नव्हते. २०१८ मध्ये धारावी पुनर्विकासाच्या नियोजनक्षेत्रात या जागेचेही नाव आले आणि निसर्गप्रेमी नागरिकांत खळबळ उडाली. हरकतींचे अर्ज गेले. आपल्या मंडळातूनही अर्ज गेला. त्या वेळी सही करावयास आलेल्या भगिनींची मला आठवण आहे. त्यांना कायदा ठाऊक नव्हता, नकाशा वाचता येत नव्हता. परंतु ‘तो तांबट बसतो ते झाड जाईल का?’ असे त्या विचारीत होत्या. कोणते झाड जाईल हे विचारण्यासाठी आधी ते झाड ओळखीचे असावे लागते, आणि ती ओळख त्या सकाळच्या फेऱ्यांनी करून दिली होती. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ मध्ये उद्यान पुनर्विकासात धरलेले नाही असे न्यायालयापुढे सांगण्यात आले. आपल्या एका अर्जाने हे झाले, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या जागेवर कोणाचे येणेजाणे नाही, तिच्यासाठी अर्ज करावयास कोण उठणार? माणसांची ये-जा हेच अशा जागेचे खरे कुंपण आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती थोडी कडू आहे. धारावीचा उकिरडा बंद झाला, म्हणजे आपला कचरा बंद झाला असे नाही. तो देवनारला जातो, कांजूरला जातो. देवनारचा ढीग १९२७ सालापासूनचा आहे. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा शहरभर धूर पसरला. तेथेही पहाटे वारा फिरत असेल, आणि तेथेही एखादी नवी सून उशीत तोंड खुपसत असेल. आपल्या नाकाशी वास येत नाही, एवढाच काय तो फरक. सासूबाईंना कपाच्या कानात जे दिसले, ते आपल्याला तेथेही दिसावयास हवे.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. उद्यानातल्या कार्यशाळेत आपण ओल्या कचऱ्याचे खत करावयास शिकलो, त्याला बरीच वर्षे झाली. शिकलो, टाळ्या वाजविल्या आणि घरी येऊन देठे पुन्हा डब्यात टाकली. मंडळाच्या मागील अंगणात दोन जुनी पिंपे पडून आहेत. त्यांना भोके पाडून घेण्याचे काम माझ्याकडे लागले. ज्यांना आपल्या घरची देठे, साली आणि चहाचा चोथा आणून टाकावयाचा आहे, त्यांनी सोमवारपासून आणावा. खत तयार झाले की त्याची पहिली टोपली आपण उद्यानाच्या रोपवाटिकेला नेऊन देऊ. त्या जमिनीला आपल्या घरांनी पुष्कळ दिले आहे. या वेळी तेवढे निवडून देऊ.